चार बोटं सोड

कमलम्मा कुणावर विश्वास ठेवत नाही, आणि ते लपवण्याचे कष्टही घेत नाही. दूधवाल्याच्या डोळ्यांदेखत ती दुधात बोट बुडवून बघते. शेंगाचटणी आणली की चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटते आणि निकाल देते, "फुटाणं घातल्यात." एकदा मी घरी स्वतःच्या हातानं कुटलेली चटणी दिली, तेव्हाही हेच म्हणाली. मला असा राग आला की वाटी उचलून सरळ वर निघून आले. संध्याकाळी बाई दारात हजर. "वाटी का नेलीस? फुटाणं होतं म्हणूनच नेलीस की!" आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

बाळीवेशीजवळच्या बोळात आमचं घर आहे. खाली कमलम्मा, वर आम्ही. नवरा होटगीला रेल्वेत आहे, त्याच्या पाळ्या चालू असतात. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. कमलम्मा सत्तरीला टेकली आहे, माहेर वळसंगचं, बोलणं अर्धं मराठी आणि चिडली की पूर्ण कन्नड. ती गंगावनं करते, म्हणजे वेणी लांब दिसावी म्हणून जोडायचे केस. बायका विंचरताना निघालेलं गुंतवळ साठवून ठेवतात. धोंडीराम नावाचा माणूस गल्लोगल्ली फिरून भांड्यांच्या बदल्यात ते गोळा करतो आणि कमलम्माला आणून देतो. ती ते उकलते, खिळ्यांच्या फळीवर विंचरते, लांबीप्रमाणे लावते आणि मुळाशी दोऱ्यानं घट्ट बांधून जुडी करते. बाजारात नायलॉनची गंगावनं ढिगानं मिळतात, तरी लग्नसराईत तिच्या दाराशी चपला असतातच.

दुपारी मशीन बंद केलं की मी तिच्याजवळ जाऊन बसते, हाताला काहीतरी काम घेते. बारा वर्षांत तिचे शब्द मला पाठ झालेत. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं, तसं केसांच्या बाबतीत ती "काप" म्हणत नाही. तिच्या आईनं तिला तो शब्द बोलू दिला नाही, तिनं आम्हाला दिला नाही. जुडीची टोकं खालीवर असली की ती जुडी माझ्या हातात देते आणि म्हणते, "दोन बोटं सोड." म्हणजे शेवटाची दोन बोटं कापून खाली पडू द्यायची. पहिल्या आठवड्यात शिकले आणि मग ते विचित्र आहे हे विसरूनही गेले.

माझी महेश्वरी दहावीला आहे. तिचे केस कमरेच्या खाली होते. तीन वर्षांची असल्यापासून दर रविवारी कमलम्मा तिला पुढ्यात घेऊन तेल लावायची. दुसऱ्या कुणी त्या डोक्याला हात लावला की बाईच्या कपाळाला आठ्या. मलासुद्धा एकदा म्हणाली होती, "तुझा हात जड हाय." पोटची पोर माझी, आणि हात माझा जड!

गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. सोमवारपासून पूर्वपरीक्षा होती. महेश्वरी म्हणाली, टोकं फाटलीत, पायलताईकडे जाऊन जराशी सारखी करून येते. पायल म्हणजे पलीकडच्या गल्लीतली पोरगी, घराच्या पुढच्या खोलीत पार्लर चालवते. मी म्हटलं, जा. कमलम्मा पायरीवर बसून सगळं ऐकत होती. तिनं नाक मुरडलं. "त्या पोरीचा हात लई सैल हाय."

तो बुधवार. अर्ध्या तासात महेश्वरी धावत परत आली. ओढणी डोक्यावरून हनुवटीपर्यंत गच्च आवळलेली. खोलीत गेली, आतून कडी लावली. रडणं बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. मी दार वाजवलं, विनवलं, शेवटी ओरडले. आतून आवाज आला, "तूच सांगितलंस ना तिला? माझे केस धुवायचा तुला कंटाळा आलाय, माहीत आहे मला!"

हे ऐकून मी तिथेच खाली बसले. आईवर असा संशय? रागही आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

दार उघडलं ते कमलम्माला. जिना चढताना ती दोनदा थांबते, पण त्या दिवशी थांबली नाही. मी मागून डोकावले. वेणी अख्खी गेली होती. एका बाजूला केस हनुवटीशी, दुसऱ्या बाजूला मानेशी, मागे पायरीसारखा कापलेला थर. मी म्हणाले, "अगं, वाढतील." महेश्वरीनं पुन्हा तोंड झाकलं. कमलम्मानं मात्र तसलं काही म्हटलं नाही. तिनं बोटं लावून मोजलं. "हितं चार. हितं सहा. मागं तिरकं." जसं आहे तसं. पोरीचं रडणं त्यानंच कमी झालं.

मग हकीकत कळली. पायलनं तिला मान खाली घालायला लावली, कानाशी बोटं धरली आणि बांधलेली वेणी कात्रीत घेतली. महेश्वरी किंचाळून उठली. पायल म्हणत होती, "बस की, सारखं करायचं हाय अजून." पण हिनं ओढणी घेतली आणि पळाली. पळताना तिनं एक गोष्ट पाहिली. पायलनं कापलेली वेणी कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ड्रॉवरमध्ये?" कमलम्माचे डोळे बारीक झाले. "टाकली न्हाय? ठिवली?"

"ठेवली, अज्जी."

"मी सांगून ठिवलं हुतं तिला!" कमलम्मा मांडीवर हात आपटून म्हणाली. "तरी! एवढ्या लांब केसाला बाजारात काय मागणी हाय, मला विचार. चोरटी!"

सांगून ठेवलं होतं, म्हणजे काय आणि कधी, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. माझं डोकंही तेव्हा चोरीतच अडकलं होतं.

आम्ही दोघी पायलकडे गेलो तर दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, टेंभुर्णीला नवरीच्या मेकअपची ऑर्डर आहे, शनिवारी येईल. फोन लावला, उचलला नाही. कमलम्मानं कुलूप तीनदा ओढून बघितलं. "पळाली," ती म्हणाली. मलाही खरंच वाटलं. संशय गोचिडासारखा असतो, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर कधी येतो कळत नाही.

गुरुवारी धोंडीराम आला. कमलम्मानं त्याचं पोतं ओट्यावर उलटं केलं आणि एकेक पुंजका बोटांत चोळून, नाकाशी धरून बघायला लागली.

"अव काय झालं काय?" तो बिचारा विचारत होता.

"पायलकडनं कवा आलास?"

"कोण पायल?"

"बघ, वळखतबी न्हाय म्हणतो," ती मला म्हणाली, जणू गुन्हा कबूलच झाला.

पोत्यात महेश्वरीचा एक केसही नव्हता. धोंडीराम सगळं गोळा करून गेला. वीस वर्षं माल देणारा माणूस, जाताना चहालाही थांबला नाही.

महेश्वरी शाळेत जात नव्हती. तिच्या शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या. "मी सोमवारी जाणार नाही," ती म्हणायची. नुसती पूर्वपरीक्षा बुडाली असती तरी कदाचित निभावलं असतं, पण ती खोलीचा पडदासुद्धा उघडत नव्हती. एकदा दहावीत घरी बसलेली पोर पुन्हा बाहेर निघेल की नाही, हीच माझी धास्ती होती. आमच्या बोळात अशा दोघी आहेत, नापास होऊन बसल्या त्या बसल्याच. कमलम्मा तिच्या खोलीच्या उंबऱ्यात गुंतवळ घेऊन बसायची. काही समजूत घालायची नाही. मधूनच एवढंच म्हणायची, "तुझी येणी मी आणणार. अज्जीवर इस्वास हाय का न्हाय?" आतून हळूच यायचं, "तुझ्यावरच आहे."

शनिवारी सकाळी पायल आल्याचं कळलं. वेणी परत मिळणार म्हणून महेश्वरी ओढणी गुंडाळून आमच्याबरोबर निघाली. चार दिवसांत पहिल्यांदा पोर उंबऱ्याबाहेर पडली.

कमलम्मानं पार्लरच्या दारातूनच तोफ डागली. चोरटी, पळपुटी, आणि कन्नडमध्ये अजून बरंच काही. पायल खुर्ची पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, ड्रॉवर उघडला आणि कागदाची गुंडाळी काढून कमलम्माच्या हातात ठेवली.

"घ्या. तुमच्यासाठीच ठिवली हाय. फोन करनार हुते, पन लग्नाच्या गडबडीत जमलं न्हाय."

"माझ्यासाटी?"

"तुमीच सांगितलं की."

पायलनं मोबाईल काढला. कमलम्माला लिहिता येत नाही, म्हणून ती सगळ्यांना आवाज पाठवते. बुधवारच्या तारखेखाली तिचाच आवाज वाजला, खरखरीत आणि हुकमी: "आमची म्हेश्वरी येतीय तुझ्याकडं. नीट ऐक. चार बोटं सोड. जास्ती हात चालवू नको."

पायलनं मोबाईल खाली ठेवला.

"मी कानाखाली चार बोटं सोडली," पायल म्हणाली. "मला वाटलं घरातलं ठरलंय. मनात आलंबी, बाईचा धंदाच केसाचा, पोरीच्या येणीवर डोळा असंल. पन मोठ्या मानसाला कसं इचारायचं? म्हून येणी जपून ठिवली, तुटू दिली न्हाय."

महेश्वरीनं ओढणीतून कमलम्माकडे पाहिलं. तिनं विचारलं ते इतकं हळू की आधी मला कळलंच नाही.

"अज्जी, तुला माझे केस पाहिजे होते?"

आणि खरं सांगते, क्षणभर, एकच क्षण, मीसुद्धा कमलम्माकडे तसंच पाहिलं. बारा वर्षं जिच्या मांडीला मांडी लावून बसले तिच्याकडे. त्याची लाज मला अजून वाटते.

सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईवर आजवर कुणी तो घेतलेला नव्हता, निदान तोंडावर तरी नाही. ती मला म्हणाली, "सांग की गं हिला, सोड म्हंजे काय ते." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सांगितलं, दोन बोटं, चार बोटं, जुडीची टोकं, सगळं. पायल ऐकून म्हणाली, "मग काप म्हणायचं की सरळ!"

"तसं म्हनू ने," कमलम्मा पुटपुटली. पण त्यात नेहमीचा जोर नव्हता.

महेश्वरीचा विश्वास बसला की नाही, चेहऱ्यावरून कळेना. ती आरशासमोरच्या खुर्चीवर बसली आणि ओढणी काढली. पायल कात्री शोधायला लागली तेव्हा कमलम्मानं कमरेच्या पिशवीतून स्वतःची काढून दिली. ही कात्री ती मला दोरा तोडायलासुद्धा देत नाही. पायलनं विचारलं, "किती?" महेश्वरीनं स्वतःच आरशात बघून हनुवटीशी बोट ठेवलं. "इथपर्यंत. काप."

पायलनं जपून, थांबून थांबून सगळं एका रेषेत आणलं. चांगलं दिसत होतं, पण चांगलं दिसतंय म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

रविवारी कमलम्मा दिवसभर खाली बसून होती. तेल लावायला महेश्वरी गेली नाही. संध्याकाळी बाईनं त्या वेणीच्या दोन लहान वेण्या करून पाठवल्या, लाल रिबिनी लावून, पिना लावून. महेश्वरीनं त्या हातात घेतल्या, बघितल्या आणि दप्तराशेजारी ठेवून दिल्या.

सोमवारी ती ओढणी गुंडाळून निघाली. वेण्या टेबलावरच राहिल्या. खाली कमलम्मा पातळ नेसून तयार. "मी येते. ही अर्ध्यातनं परत फिरंल, माझा भरवसा न्हाय." महेश्वरी आम्हा दोघींच्या पुढे चालू लागली.

शाळेच्या फाटकाशी वर्गाच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी ओढणी काढायला लावली, केस बघितले आणि आवाज चढवला. "वेण्या कुठायत? काय अवतार हा? कुणी कापले केस?"

महेश्वरीची मान खाली गेली. मी पुढे होणार, तोच कमलम्मा मध्ये आली.

"मी," ती म्हणाली. "मीच कापलं. पोरीची काय चूक न्हाय."

बारा वर्षांत तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बोलल्यावर तिनं कानाच्या पाळीला हात लावला, पण शब्द मागे घेतला नाही.

बाई काहीतरी म्हणाल्या, आज जा, उद्या बघू, असं. घंटा झाली. महेश्वरी आत निघाली, चार पावलं गेली आणि वळली. तिनं ओढणीची घडी केली आणि कमलम्माच्या हातात दिली.

"धर, अज्जी," ती म्हणाली. "सोडू नको."

पेपर संपेपर्यंत कमलम्मा फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून होती. मी दोनदा म्हटलं, आण ती इकडे, पिशवीत ठेवते. तिनं दिली नाही.