एका गाडीला एकच हात

लग्न ठरताना मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा करतो काय? मामांनी सांगितलं, गाडी चालवतो, मोठ्या कारखान्यात. म्हणजे ड्रायव्हर? ड्रायव्हरच, पण जात कुठे नाही. सगळे पोट धरून हसले. मामांना वाटलं आपण विनोद केला. त्यांनी पोराची कुंडलीच सांगितली होती, हे पुढे बायकोच्या लक्षात आलं.

कारखान्याच्या मागे, उंच भिंतीआड, एक रस्ता आहे. जिथून निघतो तिथेच येऊन मिळतो. त्यात गुळगुळीत डांबर आहे, मुद्दाम पाडलेले खड्डे आहेत, आणि शेवटी वेड्यावाकड्या दगडांचा एक पट्टा आहे. त्यावरून गेलं की दाढेत भरलेलं सिमेंटही हलतं. अजून बाजारात न आलेल्या गाड्या इथे छळायला आणतात. या वेळची होती दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी, वेगाची गाडी. हाताने जोडलेली. भिंतीवरून कोणी फोटो काढलाच तर आकार कळू नये म्हणून अंगभर काळेपांढरे नागमोडी पट्टे, खोटे दिवे आणि पाठीवर फोमचं कुबड. कधी तिला बर्फासारख्या खोलीत गोठवतात, कधी भट्टीसारख्या खोलीत भाजतात. एवढं सोसून ती पास झाली तरी तिला कोणी विकत घेत नाही. विकतात तिच्यासारख्या दुसऱ्या. ही जाते दाबयंत्रात आणि पेटीएवढा ठोकळा होऊन बाहेर येते. सासुरवाशिणीचे हाल परवडले, असं इथला वेल्डर म्हणतो, आणि त्याला तीन बहिणी आहेत.

आमचा माणूस ही गाडी चालवायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण गाडीत कुठे काय कुरकुरतंय ते त्याला सगळ्यांच्या आधी ऐकू यायचं. स्वतः मात्र मितभाषी. आधीच स्वभाव तसा, त्यात नोकरीची अट अशी की भिंतीआडचं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. फोन फाटकावरच्या कपाटात ठेवायचा. घरी बायकोने काही विचारलं की उत्तर ठरलेलं: सांगता येत नाही. लेकीने शाळेतल्या निबंधात लिहिलं, माझे बाबा गोल फिरतात. बाईंनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दुसरी अट आणखी जाचक. एका गाडीला एकच हात. प्रत्येकाचा ब्रेक दाबण्याचा, गिअर टाकण्याचा रिवाज वेगळा. मध्येच चालक बदलला तर झीज गाडीमुळे झाली की हातामुळे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून ज्याने सुरू केली त्यानेच संपवायची. रजा मिळते, सुटका नाही. आणि गाडीच्या सांगाड्यात दोष निघाला, तर नवी गाडी जोडून पुन्हा पहिल्यापासून, त्याच हाताने.

बायको परिचारिका होती. तिला दुसऱ्या गावच्या रुग्णालयात वरची जागा मिळाली आणि ती लेकीला घेऊन तिकडे गेली. तो कारखान्याच्या वसाहतीत एका खोलीत राहिला. त्याने साहेबांकडून शब्द घेतला होता: एवढी गाडी संपली की तिकडच्या दुरुस्ती केंद्रात बदली. नोकरी सोडावी, तर करारामुळे दुसऱ्या कंपनीत बरीच वर्षं पाय ठेवता येणार नाही, आणि दुसरं काम येत नाही. घाण्याच्या बैलाला निदान घाणा सोडून पळायचं स्वप्न तरी पडत असेल. याला स्वप्नातही वळणं दिसायची. पण आता गाडी संपत आली होती. तिकडे बायकोने मोठी खोली पाहिली होती, त्याच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला होता. हे तिने फोनवर सांगितलं तेव्हा तो नुसता हं म्हणाला, आणि मग खोलीभर येरझाऱ्या घालत राहिला.

आणि नेमका तेव्हाच आवाज आला.

दगडांच्या पट्ट्यावर, मागून खालून, सुपारी फोडावी तसा. एकदाच. पुढच्या फेरीला पुन्हा. हा लोखंडाला चीर जाण्याचा आवाज आहे, हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

त्याने गाडीतला पंखा पूर्ण सोडला. गार वाऱ्याचा असा घोंघाट झाला की सुपारी काय, नारळ फुटला तरी कळू नये. फेरीनंतर इंजिनिअर मॅडम नेहमीसारख्या विचारायच्या, काही जाणवलं? तो मान हलवायचा. त्यांच्या तारा आणि मोजणीच्या डब्या जिथे दोष निघेल असं वाटत होतं तिथे लावलेल्या होत्या, आणि दोष निघाला भलतीकडे. त्यात त्यांची काही चूक नव्हती. माणूस कशासाठी बसवलाय, याचसाठी. सर्दीने त्याचं नाक चोंदलं, बोटं बधिर झाली, पण पंखा बंद करायची हिंमत होईना. आयुष्यभर कान उघडे ठेवणाऱ्याने कानाडोळा करायचा म्हणजे फार कष्ट पडतात.

बाजूच्या सीटवर वाळूच्या गोण्या असायच्या, माणसाचं वजन म्हणून, पट्ट्याने बांधलेल्या. वेल्डरने त्यांना नाव ठेवलं होतं, वहिनी. रोज सकाळी तो हटकून बजावायचा, वहिनींना जपून न्या.

एके दिवशी दगडांवर गाडी मागून किंचित सरकली. त्याने करकचून ब्रेक दाबला आणि डोक्यात काही यायच्या आत त्याचा हात बाजूच्या सीटकडे गेला, गोण्यांवर आडवा. बायको शेजारी असताना जायचा, अगदी तसा. गाडी थांबली तरी हात तिथेच होता. गोण्या त्या गोण्या. पण हिच्यासारख्या विकलेल्या गाडीत या सीटवर उद्या कोणीतरी बसणार, आणि चालवणाऱ्याला वाटणार की आपण नुसते फिरायला निघालोय.

त्याने पंखा बंद केला. रडू आलं, ते त्याने आवरलं नाही. भिंतीआड हे एक बरं असतं, कोणी बघत नाही.

मॅडमना त्याने सगळं सांगितलं, पंख्याचंसुद्धा. त्या रागावल्या, आणि ते रास्तच होतं. गाडी उचलून पाहिली तर चीर बोटभर पुढे सरकली होती. त्यांचंही वेळापत्रक कोलमडलं होतं.

"याचा अर्थ काय, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे, मॅडम. ये रे माझ्या मागल्या."

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. येणं लांबलंय म्हणाला. किती, ते नक्की नाही. तिकडे मागे लेक मोठ्याने कविता पाठ करत होती.

"का?" तिने विचारलं.

त्याच्या जिभेवर सगळं आलं. चीर, पंखा, गोण्या, तो हात. पण बाजारात न आलेल्या गाडीचा दोष म्हणजे बाहेर सांगायच्या गोष्टींतली सगळ्यात शेवटची.

"सांगता येत नाही."

"यायचं नसेल तर तसं सांगा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "नाहीतर ज्या दिवशी सांगता येईल, त्याच दिवशी या."

जुनी गाडी दाबयंत्रात गेली तेव्हा तो बघायला गेला नाही. नवी गाडी आली, तेच पट्टे, तेच कुबड. वेल्डरने वाळूच्या गोण्या आणून बाजूच्या सीटवर टाकल्या आणि नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण कानसेनचा चेहरा बघून मिटलं. दार लागलं. त्याने आधी गोण्यांचा पट्टा ओढून नीट बसवला, मग स्वतःचा बांधला, आणि पहिली फेरी सुरू केली.