ओटी भरून मी तिला कामावरून काढतच होते

मैत्रिणींनो, आज मी चुकले.

लातुरात आमचं साड्यांचं दुकान, कामाला बारा बाया. त्यातल्या सुनीताला सातवा लागला. दुपारी सगळ्यांसमोर तिची ओटी भरली, हिरवी साडी दिली. म्हणाले, "आता माहेरी निवांत राहा बाई."

ओटीतला नारळ सावरत तिनं विचारलं, "काकू, ही सुट्टी हाय का निरोप?"

दुष्काळानं गिऱ्हाईक आटलंय, म्हणून तिला परत बोलवायचं नाही असं मी मनात ठरवलंच होतं.

तिथंच कायद्याप्रमाणे सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा लिहून दिली. कागद नीट वाचून तिनं ओटीत ठेवला.

याआधी इथंच दोघींची ओटी भरली होती. त्या परत आल्या नाहीत, आणि मी कधी विचारलंही नाही.

तुमच्याकडच्या किती जणी बाळंतपणानंतर कामावर परत आल्या?