नलूच्या लहरी

नलू हरली.

शांतपणे गेली वगैरे मी लिहिणार नाही. माझी धाकटी बहीण नलिनी आज सकाळी हरून गेली. तिलवाऱ्याच्या स्मशानघाटावरून आत्ताच परतलो.

आमच्या वस्तीत, विजय नगरात, ती फिजिक्सवाली दीदी म्हणून सगळ्यांना माहीत. कॉलेजात शिकवायची. पण तिचा जीव अडकला होता दुसरीकडेच.

विश्व जन्मलं आणि एका निमिषात अफाट फुगलं, असं मानतात. इन्फ्लेशन. ते थांबलं तेव्हा सगळं सारखं नव्हतं. कुठे किंचित दाट, कुठे किंचित विरळ. या फरकांना मराठीत म्हणतात घनतेतले क्षोभ.

शब्द ऐकून मी खूश झालो होतो. क्षोभ म्हणजे आम्हा भाषणं ठोकणाऱ्यांचा सभेतला माल.

ती म्हणाली, "दादा, तुझा क्षोभ टाळ्या वाजल्या की संपून जाते. या क्षोभातून आकाशगंगा झाल्या."

ते क्षोभ जगाला सापडले. सगळ्यात जुन्या प्रकाशात त्यांचे ठसे दिसले.

पण त्या फुगण्यानं अवकाशच हादरलं असेल, तर गुरुत्वीय लहरींचीही खूण त्या प्रकाशात हवी. नलूला ती पाहायची होती. डोळे मिटायच्या आत. दुसरं काही तिनं कधी मागितलं नाही.

एकदा बातमी आली, परदेशातल्या दुर्बिणीला खूण मिळाली.

नलूनं घरोघर खोव्याची जलेबी वाटली. कुणी विचारलं, लग्न ठरलं काय? किराणावाले भैया जलेबी तोंडात धरून म्हणाले, "इन्फ्लेशन पकड़ा गया? तो अब तेल सस्ता होगा, दीदी?"

ती रस्त्यात उभी राहून हसत सुटली. तसं हसताना मी तिला नंतर पाहिलं नाही.

काही महिन्यांनी कळलं, ती लहरींची खूण नव्हतीच. आपल्याच आकाशगंगेतली धूळ.

धूळ.

आणि ही बाई पुन्हा त्याच घरांत गेली. ते चूक निघालं, हे सांगायला.

मी चिडलो. काहून जाऊन राहिली, कोणाच्या लक्षात तरी आहे काय, म्हटलं.

"जलेबी खाल्ली ना त्यांनी," ती म्हणाली. "मग खरं सांगा लागते."

मी व्यासपीठावरून बोललेला एक शब्द कधी मागे घेतलेला नाही. ही दारोदार जाऊन मागे घेत होती.

काल हॉस्पिटलमध्ये तिनं जेमतेम डोळे उघडले. विचारलं, "लहरींचं काही आलं काय?"

हो म्हणता आलं असतं. ती कुठे तपासायला जाणार होती? शब्द ओठांपर्यंत आला होता.

म्हटलं, "नाही गं."

"अच्छा," ती म्हणाली. "चलो."

आणि भिंतीकडे तोंड केलं.

खरं बोलल्याचं समाधान असतं, असं मी किती सभांत गरजून सांगितलं आहे. कालपासून शोधून राहिलो, कुठेच नाही. खोटं बोलायला हवं होतं, असं वाटतं. मग वाटतं, तिनं ओळखलं असतं, आणि मी दिलेली शेवटची वस्तूही धूळच निघाली असती.

लहरी पुढे कधी सापडल्याच, तर मित्रांनो, मला कळवू नका. ज्याला सांगायचं ते माणूस आज जाळून आलो.

श्रद्धांजली हा शब्द माझ्याच्यानं लिहवत नाही.

जा नले. दादाजवळ आज भाषण नाही.