तारेपलीकडचा रांजण

आमच्या मुखनारी गावात गाइओझ काकांइतकं आंतरराष्ट्रीय कायद्याचं पाठबळ कुणालाच नव्हतं. त्यांच्या बागेचा वरचा भाग त्यांचाच आहे, हे जवळपास सगळ्या जगाला मान्य होतं. फक्त तिथे जाता येत नव्हतं.

त्यांची नात एलिसो शाळेत असताना रशियन सैनिकांनी बागेच्या मधोमध काटेरी तार ओढली. घर अलीकडे राहिलं. वाइनची खोली, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणासकट, पलीकडे गेली. पलीकडे म्हणजे कुठे, यावर मतभेद आहेत. सैनिक म्हणतात, तो दक्षिण ओसेतिया नावाचा स्वतंत्र देश. आमचं सरकार म्हणतं, तोही जॉर्जियाच. गाइओझ काका म्हणत, "ती माझी बाग आहे," आणि त्यांच्या मते वाद तिथेच मिटे.

रांजण साधा नव्हता. एलिसो जन्मली त्या शरदात काकांनी आपल्या पांढऱ्या द्राक्षांची वाइन त्यात भरून, वर दगड ठेवून मातीनं लिंपला होता. तो उघडायचा तिच्या लग्नात. आता लग्न ठरलं होतं, आणि रांजण परदेशात होता किंवा नव्हता.

पालिकेचा जुंबेर समजवायला आला.

"काका, पलीकडच्यांकडे परवानगी मागू नका. मागितलीत की सीमा मान्य केल्यासारखं होतं."

"बरं. न मागता जातो."

"गेलात तर ते धरतील. बेकायदा सीमा ओलांडली म्हणून."

"आणि आपल्या कायद्यानं?"

"आपल्या कायद्यानं तिथे सीमाच नाही."

"मग माझा सदरा कशाला अडकतो रे तिथे?"

जुंबेरनं चहा अर्धा टाकला आणि गेला.

दर बुधवारी परदेशी निरीक्षक निळ्या जाकिटांत येत आणि दुर्बिणीतून वर बघत. वरचे सैनिक दुर्बिणीतून खाली बघत. निरीक्षकांपैकी एका बाईंनी दुभाष्यामार्फत काकांना धीर दिला : त्या वाइनवर तुमचाच हक्क आहे, हे आंतरराष्ट्रीय समुदाय मानतो.

"बाईंना सांग," काका म्हणाले, "समुदायाला म्हणावं, एक घडा भरून आणा."

काकांच्या बायकोची, त्सियाला काकूंची, सहनशक्ती संपली होती. "अरे म्हाताऱ्या, बाजारातून आण वाइन. नाहीतर पाहुण्यांच्या पेल्यात मान्यता ओत!"

पण काका हटेनात. विकतची वाइन आणली म्हणजे वरचं गेलं, असं आपणच कबूल केलं. शिवाय ते साऱ्या खोऱ्यातले नावाजलेले तमादा होते. मेजवानीत पेला उंचावण्याआधी बोलायचं असतं, ते तमादानं. त्याचा शब्द झाल्याशिवाय कुणी घोट घेत नाही. नातीच्या लग्नात असा माणूस दुकानातली बाटली हातात घेऊन काय बोलणार?

तारेच्या वर तोत्राझ राहायचा. ओसेतियन. काकांच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी त्यानंच हातांवर धरलं होतं, म्हणजे आमच्या रीतीनं सोयराच. तारेवरून गप्पा मारलेल्या सैनिकांना चालत नसत. भांडण मात्र चालायचं, करमणूक व्हायची. म्हणून दोघं म्हातारे वर्षानुवर्षं शिव्यांतच बोलत आले होते. तोत्राझची बायको गेली ती बातमीसुद्धा काकांना शिव्यांतच कळली होती, आणि त्या दिवशी त्यांनी उलट शिव्या देताना टोपी काढून हातात धरली होती.

"अरे चोराच्या पोरा!" काका ओरडले. "पोरीचं लग्न आहे, तुझं वाटोळं होवो! माझी वाइन खाली पाठव!"

"विकतची पी, गाढवा! तुझं ते पांढरं पाणी कोण पितंय?"

टेहळणीच्या मनोऱ्यातला सैनिक हसला. काकांना मात्र तोत्राझचा सूर आवडला नाही. शिवी नेहमीची होती, पण मन लावून दिलेली नव्हती.

युक्ती मी सुचवली. मी गोरी शहरात पाटबंधाऱ्याच्या कामावर आहे. नळ्या हेच माझं शिक्षण. वरच्या ओढ्याचं पाणी बागेत आणणारा जुना नळ तारेखालून तसाच पडून होता. त्यातून नवी बारीक नळी वर सरकवायची, तोत्राझनं तिचं टोक रांजणात सोडायचं, आम्ही खालून ओढायचं. उतार आपल्या बाजूचा. वाइन स्वतःच खाली येणार.

"म्हणजे वाइनला कुणी अडवणार नाही?" काकांनी विचारलं.

"पाण्याला अजून अडवलेलं नाही."

काकांनी बेत तोत्राझला शिव्यांतूनच कळवला, आणि काम बुधवारी भर दुपारी केलं. निरीक्षक वर बघत होते, सैनिक खाली, निरीक्षकांकडे. जमिनीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. वरून नळीला दोन हिसके बसले. पहिला घोट आपणच ओढणार, म्हणून काका हटून बसले. गाल आत गेले, डोळे मिटले, आणि चेहरा असा झाला जणू कुणी थोबाडीत मारली. त्यांनी नळी घड्यात सोडली.

वाइन लाल होती.

काकूंनी घड्यात डोकावलं. "तू पांढरी भरली होतीस."

काका वर बघत राहिले. तोत्राझ तारेशी उभा होता.

"आंबली होती रे, मूर्खा!" तो ओरडला. "तार ओढली त्या पहिल्याच वर्षी! सिरका झाला होता! रांजण घासला, दर वर्षी माझी भरतो. मेल्या, तुला कसं सांगणार होतो?"

काकांनी उलट शिवीसुद्धा दिली नाही. मनोऱ्यातला सैनिक कुतूहलानं पुढे वाकला.

रविवारी अंगणात टेबलं मांडली. लाल वाइन पेल्यांत ओतली गेली. पांढऱ्या रांजणाची गोष्ट खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होती, त्यामुळे पाहुणे पेल्याकडे बघत आणि मग काकांकडे. जुंबेर त्यांच्या कानाशी वाकला. "जमीन आपली, रांजण आपला. म्हणजे वाइनही आपलीच. तेवढं बोला, बस."

"आणि द्राक्षं?"

जुंबेरनं पेल्यात बघितलं.

काका उठले. नेहमी त्यांचं पहिलं भाषण इतकं लांबायचं की भाकरी गार व्हायची. त्या दिवशी म्हणाले, "माझी वाइन मी गमावली. ही तोत्राझची आहे. आलावेर्दी तोत्राझला."

आलावेर्दी म्हणजे तमादा आपला शब्द दुसऱ्याच्या हाती देतो. ज्याला मिळाला त्याला बोलावंच लागतं, आणि तो बोलेपर्यंत बाकीचे थांबतात. सगळी माणसं उभी राहून तारेकडे वळली. एलिसोही वळली, पांढऱ्या झग्याचा घोळ सांभाळत. काकांनी तोंडाशी हात धरला.

"ए वर बसलेल्या दरोडेखोरा! बोल!"

तोत्राझ इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. हातात पेला होता. त्यानं घसा साफ केला.

"भिकारड्यांनो!" तो गरजला. "तुमच्या पोरीचं घर लेकरांनी भरो, मेल्यांनो! तिचा नवरा म्हातारा होईपर्यंत तिच्याकडे असाच बघत राहो, लाज नाही त्याला! तिच्या दारातून पाहुणा उपाशी न जावो! आणि तू, गाइओझ, तू जिवंत राहा, नाहीतर मी शिव्या कुणाला देऊ?"

त्यानं पेला रिकामा केला. मग आम्ही केले. मनोऱ्यातला सैनिक पोट धरून हसत होता.

निरीक्षकांच्या त्या आठवड्याच्या अहवालात, जुंबेरनं नंतर सांगितलं, मुखनारीबद्दल एकच ओळ होती : लग्नसमारंभादरम्यान रेषेच्या दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठ नागरिकांत गंभीर शाब्दिक चकमक, दोन्ही पक्षांना संयम राखण्याचं आवाहन.

काकांनी ते ऐकलं आणि बागेत जाऊन तोत्राझला ओरडून सांगितलं. संयम राखायचं दोघांनीही साफ नाकारलं.