वांगी रंगाची दोन सीटांची गाडी

स्वारगेटला उतरले तेव्हा हातात एक बॅग होती आणि मनात एकच गोष्ट पक्की होती: परत जाताना एसटी नाही. परत जायचं ते स्वतःच्या गाडीतून, आणि तीही साधीसुधी नाही. दोन सीटांची, खाली बसकी, पाय दाबला की पाठ सीटला चिकटवणारी. सांगलीत हे ज्याला सांगितलं त्याने आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "ताई, ह्या वयात स्पोर्ट्स कार? त्यापेक्षा गुडघे दाखवून ये." माझे गुडघे ठणठणीत आहेत.

मी जनावरांची डॉक्टर. सगळी नोकरी सरकारी जीप हाकण्यात गेली. ड्रायव्हर नावाला असायचा, स्टिअरिंग माझ्या हातात. शेजारी कधी कंपाउंडर, कधी रडकुंडीला आलेला म्हशीचा मालक, मागे एखादं वासरू. आमच्या जीपचं पार वडाप (खच्चून माणसं भरलेली भाड्याची गाडी) व्हायचं. निवृत्त झाले आणि एकदम सगळं गप्प झालं. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायचं लोकांनी आता सोडून दिलंय, तेवढाच म्हातारपणाचा फायदा. चालवायची हौस मात्र गेली नाही. म्हटलं, आयुष्यभर कामासाठी चालवली, आता मजेसाठी चालवू. नवी घ्यायची की जुनी, एवढंच ठरवायला पुण्याला आले होते. दुसऱ्या सीटवर कोण बसणार हा प्रश्न होताच, पण तो मी कुणाजवळ काढला नव्हता.

पहिल्या दिवशी नवी. शोरूम बाणेरला. स्वारगेटच्या रिक्षावाल्याने बाणेर ऐकताच कपाळाला हात लावला. "ह्या वेळेला बाणेर? घरचे ओरडत नाहीत का तुम्हाला?"

"घरी कुणी नाही ओरडायला," मी म्हटलं.

मग त्याने मीटर टाकलं.

शोरूममधल्या तरुण विक्रेत्याने माझ्या मागे दरवाजाकडे पाहिलं. "मॅडम, सर पार्किंग करतायत का?"

"सर नाहीत. गाडी मलाच हवीय."

"ओह, सो स्वीट!"

यात स्वीट काय होतं ते त्यालाच ठाऊक. गाडी मात्र देखणी. हळदीसारखी पिवळी. आत बसले तर सीट आपोआप पुढे सरकली, आरसे स्वतःहून वळले. बाह्यवळण रस्त्यावर जरा मोकळा पट्टा मिळाला तसा मी पाय दाबला. आई गं! पुढच्याच क्षणी मी मोठ्याने हसत होते. इंजिन असं गुरगुरत होतं की विचारू नका.

"आवाज काय सुंदर आहे हो हिचा!"

"येस मॅडम. तो ॲक्च्युअली स्पीकरमधून येतो. इंजिनचा आतमध्ये तेवढा येत नाही ना, म्हणून कंपनीने ॲड केलाय."

"म्हणजे टेप लावलीय?"

"टेप नाही मॅडम… बट हो, तसंच काहीसं."

पुढे मी पांढऱ्या पट्ट्यावरून जरा इकडे सरकले, तर स्टिअरिंगने माझे हात धरून मला जागेवर आणलं. चूक करूच देत नाही बाई. मला चूक करू न देणाऱ्यांचा लहानपणापासून राग आहे. तरी खोटं कशाला बोलू, गाडी आवडली. "उद्यापर्यंत कळवते," म्हणून निघाले.

संध्याकाळी बुधवार पेठेत गर्दीतून उगाच हिंडले. दगडूशेठच्या गणपतीला लांबूनच नमस्कार केला, पुस्तकांची दुकानं पाहिली, घेतलं काहीच नाही. जेवायला एका खानावळीत बसले. गरम भाकरी, अळूचं फतफतं (चिंच-गुळाची पातळ भाजी), ताजं ताक. पहिला घास घेतला तोच शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आले आणि माझ्या समोरची खुर्ची धरून म्हणाले, "ही लागणार नाही ना?" मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी ती उचलून नेली. तिच्यावर त्यांची नात बसली. जेवण चांगलं होतं, पण मी दुसरी भाकरी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी जुनी. ती सहकारनगरमध्ये, साठेबाईंकडे. बाई ऐंशीच्या घरातल्या, आयुष्यभर वकिली केलेल्या, एकट्याच राहणाऱ्या. शब्द जपून वापरतात. दार उघडून म्हणाल्या, "आपण सांगलीहून आलात ना? पत्ता नीट सांगितला होता, तरी उशीर झाला." चहा विचारायच्या आधीच त्यांनी किल्ल्या उचलल्या.

खाली शेडमध्ये ताडपत्री काढली आणि मी अक्षरशः दोन पावलं मागे सरले. वांगी रंगाची, बुटकी, गोल डोळ्यांची, वर कापडी टप. आत दोन सीटा, लाकडी मुठीचा गिअर आणि एक चोक. बास. आरसासुद्धा हाताने वळवायचा. बाईंनी ती तरुणपणी घेतली होती आणि तेव्हापासून दुसऱ्या कुणाला चालवू दिली नव्हती.

"मग विकताय कशाला?" मी विचारलं.

"डोळे गेले. लायसन्स संपलं. डॉक्टर नको म्हणतात, आणि ते बरोबर म्हणतात."

मी आवारातच गाडी थोडी पुढेमागे केली. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबला, मध्ये ॲक्सिलरेटरला हलका पाय लावला. जुन्या गाडीला असंच लागतं, नाहीतर ती दात खाते. बाहेर उभ्या असलेल्या बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

"कुठे शिकलात हे?"

"सरकारी जीपवर."

"हं." मग त्या म्हणाल्या, "आवारात काय कळणार हिचं? उद्या सकाळी आपण हिला जुन्या कात्रज घाटात न्यावं. ऊन चढायच्या आत निघावं."

माझं तर ठरूनच गेलं. पिवळी गेली खड्ड्यात. मी लॉजवर परत आले ती जवळजवळ उड्या मारतच. उद्या घाटात जायचं, शेजारी बाई बसणार, कुठल्या वळणाला कुठला गिअर ते सांगणार, माझ्या चुका काढणार. घरून आणलेल्या भडंगाची (तिखट-खमंग चुरमुरे) मी दोन पाकिटं वेगळी काढली. बुधवार पेठेत पुन्हा जाऊन छोटा थर्मास आणि दोन कप घेतले. मनात पुढचेही बेत आले. महिन्यातून एकदा पुण्याला यायचं, बाईंना घेऊन फिरायला जायचं. कोणाला हसायचं तर हसा.

सकाळी मी वेळेच्या आधीच हजर. गाडी बाहेर काढली, टप खाली पाडला, डावीकडचं दार उघडून उभी राहिले. बाई अंगावर शाल घेऊन जिन्यापाशीच उभ्या.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"घाटात."

"मी कशाला? आपण या जाऊन. मी तोवर चहा टाकते."

आणि त्या जिना चढून गेल्या.

आमच्या सांगलीकडे समोरच्याला मान द्यायचा तर 'तुम्ही' म्हणतात. 'आपण' म्हणजे तू आणि मी, मिळून. पुण्यात 'आपण' म्हणजे समोरचा एकटा माणूस, पण मानाने. आदल्या दिवशी बाई सारखं 'आपण बसा', 'आपण आलात' म्हणत होत्या, ते मला बरोबर कळत होतं. फक्त त्या एका वाक्यात मला जे हवं होतं ते मी ऐकलं. उघडं दार मी लावून घेतलं आणि उजवीकडे जाऊन बसले.

कात्रजची दूध डेअरी मागे पडली, सर्पोद्यान मागे पडलं, आणि जुना घाट सुरू झाला. सकाळची हवा, दोन्ही बाजूंना वाळलेलं पिवळं गवत, चालायला निघालेली माणसं, एखाददुसरा सायकलवाला. आणि ही गाडी! तिचा आवाज कुठल्या स्पीकरमधून येत नव्हता, थेट पायाखालून येत होता. स्टिअरिंग जड, दंडाला रग लागत होती. वळण चुकलं तर चुकलंच, सावरायचं आपलं आपण. एका वळणावर क्लच, हलका पाय, पुन्हा क्लच, असा काही गिअर पडला की मी डावीकडे वळून मोठ्याने म्हटलं, "बघितलंत?"

डावीकडे भडंगाची पिशवी होती. तीही त्याच वळणावर कलंडली आणि एका पाकिटातलं भडंग सीटभर सांडलं.

बोगद्याच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि रडले. गाडी इतकी सुंदर चालत होती आणि हे सांगायला शेजारी कुणी नव्हतं. खाली सगळं पुणं धुरकट पसरलं होतं. एवढी लाखो माणसं, आणि त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नाही. एका कपात चहा ओतून प्यायले आणि परत फिरले.

"कशी वाटली?" बाईंनी विचारलं.

"गाडी देवासारखी आहे. भडंग सांडलंय, ते साफ करून देते."

"गाडीत भडंग कशाला?"

"दोघींनी खायला," म्हटलं आणि मग सगळंच सांगून टाकलं. 'आपण'चा घोळ, दोन कप, महिन्यातून एकदाचा बेत, सगळं. लाज सोडूनच सांगितलं. बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मला गाडी लागते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"शेजारी बसलं की लागते. उलटी होते. चालवताना नाही होत. म्हणून तर चालवायला शिकले. आमचे हे एकदाच शेजारी बसले, ते डोळे मिटून. नंतर म्हणाले, तू जा, मी बसने येतो." त्या हसल्या नाहीत. "ती सीट तशी कोरीच आहे. आपण भडंग सांडलंत तेवढंच."

"मग तुम्ही चालवा," मी म्हटलं. "रस्त्यावर नाही, इथे आवारात. मी डावीकडे बसते. हँडब्रेकवर माझा हात राहील."

नको नको म्हणत त्या खाली आल्याच. वॉचमनला बाजूला व्हायला सांगितलं. उजवीकडे बसल्या, शाल काढून माझ्या मांडीवर टाकली, आणि काय सांगू, ती बाई बदललीच. पाठ ताठ, हनुवटी वर. पहिला गिअर, दुसरा, इमारतीला एक फेरी, मग आणखी एक. एक कुंडी चाटून गेली तर म्हणाल्या, "कुंडीच चुकीच्या जागी आहे." मी हँडब्रेकवरचा हात विसरले होते. माझ्या शेजारी कुणीतरी माझ्याइतकंच खूश होऊन गाडी चालवत होतं. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

शेडपाशी त्यांनी इंजिन बंद केलं, पण हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत.

"डॉक्टर, मी ही विकणार नाही."

मी मांडीवरच्या शालीची घडी घातली.

"चालवता येणार नाही हे मला कळतं. तरी नाही विकणार. आपण नवी घ्या."

राग आला. मीच बसवलं, मीच चालवायला लावलं, आणि मीच गाडी घालवली. पण ते हात अजून स्टिअरिंगवरच होते. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती. चहा झाला. 'पुन्हा या' वगैरे बाई काही म्हणाल्या नाहीत. दारातून मात्र म्हणाल्या, "भडंगाचं एक पाकीट उरलं असेल तर ठेवून जा." ठेवलं.

दुपारी स्वारगेटवरून सांगलीची एसटी धरली. खिडकी मिळाली. पुण्याला गाडी पसंत करायला गेले होते असं सगळ्यांना सांगितलं होतं, पण मी खरं तर शेजारी बसायला माणूस शोधत होते, आणि ते गाडीबरोबर फुकट मिळेल असं मला वाटलं होतं. तसं मिळत नाही. साठेबाईंना कधीच मिळालं नाही, तरी त्यांना गाडी सोडवली नाही. शोरूमला फोन करून पिवळी नक्की केली. एकटीने चालवायची भीती अजून वाटते. वाटू दे.

खंबाटकीचा घाट लागला. ड्रायव्हर वळणं फार बेफाम घेत होता. शेजारी कराडकडची एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. ती बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत होती.

"काय ओ, पायात गोळा आलाय व्हय? सारखा दाबताय."

खाली पाहिलं. उजवा पाय प्रत्येक वळणाला ब्रेक दाबत होता.

"गोळा नाही," मी म्हटलं. "गाडी चालवतेय."

तिने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर तोंडावर ओढला आणि डोकं सरळ माझ्या खांद्यावर टाकलं.

"मग जरा दमानं घ्या की," ती म्हणाली. "मला झोपायचं हाय."

पुढचा सगळा घाट मी दमानं घेतला.