लाल बटणाची वायर

आमच्या वर्कशॉपमध्ये कामगार, कुरिअरवाला, समोरचा सुतार, सगळेच तिला आत्या म्हणतात. खरी आत्या ती एकट्या मालकाची. वर्कशॉप काढलं तिच्या भावाने. तो गेला तेव्हा त्याचा मुलगा शाळेत होता. मधली बारा वर्षं आत्याने सगळं एकहाती ओढलं, आणि भाचा कर्तासवरता झाल्यावर किल्ल्या त्याच्याकडे देऊन पुन्हा आपल्या वायरिंगच्या टेबलाशी जाऊन बसली. मी इथला पेंटर. विजेचे कंट्रोल ज्यात बसवतात त्या लोखंडी कपाटांना, म्हणजे पॅनेलना, रंग देतो आणि दारावर 'चालू', 'बंद' अशी अक्षरं काढतो. स्वभावाने मी कुरकुऱ्या आहे, ते आधीच सांगून टाकतो.

पूर्वी एका पॅनेलमध्ये पन्नास-साठ रिले असायचे. रिले म्हणजे विजेने आपोआप उघडझाप करणारा स्विच. ते सगळे एकमेकांना जोडायला आत्याला दोन आठवडे लागायचे आणि एक वायर वाकडी दिसेल तर शपथ. मग पीएलसी नावाची डब्याएवढी पेटी आली. रिलेंचं काम त्या पेटीत, कॉम्प्युटरवर लिहिलेल्या प्रोग्रॅमने होऊ लागलं आणि आत्याच्या टेबलावरचं काम निम्म्यावर आलं.

भाचा माणूस चांगला, म्हणूनच जास्त राग येतो. आत्याचे गुडघे दुखतात, डोळे शिणतात, आता तिने घरी आराम करावा असं त्याने परस्पर ठरवलं. एक भिंतीवरचं घड्याळ आणून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "पेंटरकाका, काचेवर खाली लिहा, निवृत्तीनिमित्त सप्रेम भेट. तिला कळू देऊ नका."

मी लिहिलं. अक्षरं फार सुरेख आली, त्याचंच मला वाईट वाटलं. घड्याळ जुन्या कागदात गुंडाळून मी माझ्या कपाटात ठेवून दिलं.

त्याच सुमारास एका वृद्धाश्रमाचं काम आलं. दोन मोठ्या खोल्या विजेच्या हीटरने गरम ठेवायच्या होत्या. पॅनेल तयार झालं आणि बाहेरून येऊन प्रोग्रॅम लिहून देणारा गडी दुसरीकडे नोकरी मिळाल्यावर फोन उचलेना. दुसरा कोणी तीन आठवड्यांशिवाय मोकळा नव्हता. इकडे थंडी पडली होती आणि तिकडे म्हातारी माणसं दोन-दोन पांघरुणं घेऊन बसली होती. भाच्याने कपाळाला हात लावला.

"मी लिहिते," आत्या म्हणाली.

"आत्या, ही काही वायर नाही. कॉम्प्युटर आहे तो."

"दाखव तर खरं."

त्याने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे ठेवला. पडद्यावर दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीसारख्या आडव्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर स्विचच्या खुणा. या पद्धतीला लॅडर लॉजिकच म्हणतात. आत्याने चष्मा पुसून पुन्हा घातला.

"हे तर आमच्या दादाचं ड्रॉइंग आहे," ती म्हणाली. "वायर तेवढी काढून टाकलीय."

मग आठ दिवस ती त्या लॅपटॉपला चिकटून बसली. आधी कागदावर पेन्सिलीने पायरी काढायची, मग एका बोटाने ती पडद्यावर चढवायची. हीटरच्या जागी बल्ब आणि बटणांच्या जागी छोटे स्विच लावून तिने टेबलावरच चाचणी घेतली. चालूच्या हिरव्या बटणाचा स्विच दाबला की बल्ब लागत, बंदच्या लाल बटणाचा दाबला की विझत. भाचा नुसता बघत राहिला. माझ्या मनात आलं, आता घड्याळाचं काय करायचं? पण विचारायची छाती झाली नाही.

वृद्धाश्रमात पॅनेल बसवलं. दारावर कुठे ओरखडा पडला तर रंग लावायला म्हणून मीही गेलो होतो. तिथल्या व्यवस्थापिका बाई येऊन उभ्या राहिल्या, मागे आठ-दहा आजी-आजोबा खुर्च्या ओढून बसले. आत्याने हिरवं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही.

"बंद पडलं वाटतं," एक आजोबा म्हणाले.

"चालूच कुठे झालंय अजून, बंद पडायला?" शेजारच्या आजींनी त्यांना गप्प केलं.

आत्याचा चेहरा उतरला. मला कपाटातलं ते घड्याळ आठवलं; त्याबद्दल भाच्याखेरीज मलाच ठाऊक होतं. तिने बराच वेळ लाल बटणाकडे पाहिलं. मग एका हाताने लाल बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने हिरवं दाबलं. खट्ट आवाज झाला आणि हीटर चालू. लाल सोडलं, हीटर बंद.

"थांबवायचं बटण दाबल्यावर चालतंय," भाचा माझ्या कानाशी पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "आत्या, बटणामागची वायर दुसऱ्या बाजूला लावू. दोन मिनिटांचं काम आहे."

"वायरीला हात लावायचा नाही. वायर बरोबर आहे, चुकले मी."

तिने त्याला समजावलं तेव्हा मलाही समजलं. लाल बटणाच्या वायरमधून वीज कायम वाहत असते. बटण दाबलं की ती तुटते; भाचा म्हणत होता त्या बाजूला वायर लावली तर उलट, दाबल्यावरच वीज येते. कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये अशा बटणावर एक तिरकी रेघ मारतात. तीस वर्षांची सवय, आत्याने प्रोग्रॅममध्येही ती मारली. पण पेटीच्या भाषेत त्या रेघेचा अर्थ, वीज येत नसेल तरच पुढे जा. टेबलावरच्या छोट्या स्विचमधून दाबल्याशिवाय वीज येतच नव्हती, म्हणून तिथे चूक लपली.

तिने लॅपटॉपवर ती एक रेघ पुसली, प्रोग्रॅम पेटीत भरला आणि हिरवं दाबलं. हीटर चालू झाले आणि चालू राहिले. माझा जीव भांड्यात पडला. एका आजींनी लगेच हात पुढे करून शेकायला सुरुवात केली.

आणि या बाईने काय करावं? पाना-पक्कड आवरायच्या ऐवजी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि लाल बटणाची वायर सोडवली. खट्ट. सगळं बंद.

"अगं, आत्ता कुठे चाललं होतं," भाचा म्हणाला.

"वायर तुटली, उंदराने खाल्ली, स्क्रू ढिला झाला, तर असं बंदच पडायला हवं. तू म्हणत होतास तशी लावली असती, तर तुटलेली कळलीसुद्धा नसती. हीटर तापत राहिले असते आणि या लोकांनी नुसतंच लाल बटण दाबलं असतं." तिने वायर परत लावली. "तुझ्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्याच हातांनी ही वायर कापायला लावली होती. म्हणाले, बघ काय होतं. तुला सांगायला ते राहिले नाहीत. मी सांगायला हवं होतं, राहून गेलं."

भाच्याने तिच्यापुढे हात पसरला. "दे. मी काढून बघतो."

त्याने हीटर चालू केले, स्क्रू फिरवला, वायर सोडवली आणि खट्ट ऐकलं. मग पुन्हा लावून पुन्हा सोडवली. डोळे भरले होते त्याचे, आणि मला ते बघून बरं वाटलं.

"अरे, किती वेळा तपासणार आहेस?" आजोबा म्हणाले. "आम्हाला थंडी वाजतेय."

परतताना गाडीत तो मला म्हणाला, "पेंटरकाका, त्या काचेवरची अक्षरं निघतील का?"

"थिनरने निघतात," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी ती अक्षरं पुसली. आयुष्यात स्वतःचं काम पुसताना एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. भाच्याने घड्याळ आत्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगलं आणि खाली पुढच्या पॅनेलचे कागद ठेवले. आत्या आली, डबा ठेवला, चष्मा लावला आणि मान वर करून घड्याळाकडे पाहिलं.

"हे इथे कोणी लावलं? पाच मिनिटं मागे आहे," ती म्हणाली, आणि कागद पुढे ओढून पेन्सिलीला टोक काढायला बसली.