तेल म्हणू नये

कचेरीत आयुष्यभर कारकुनी केली, पण सांगण्यासारखं फारसं घडलं नाही. जे घडलं ते फायलीत लावलं. किस्से साचायला लागले ते रिटायर झाल्यावर, आणि तेही एका गाडीमुळे. किस्स्यांचं असं असतं की पहिला आपण हसत सांगतो. दुसरा लोक आपल्याला सांगतात. तिसऱ्यापासून आपण टपरीवर पोचलो की बोलणं थांबतं!

आमचा कंपू तिघांचा. अमरावतीत आमच्या कॉलनीच्या तोंडाशी चहाची टपरी आहे, तिथे रोज सकाळी बसतो. एक मी, माजी हेडक्लार्क. दुसरे देशमुख, आमच्याच कचेरीत आस्थापना शाखेत होते. रजेच्या अर्जात 'आजारी' लिहिलेलं दिसलं की ते अर्ज बाजूला ठेवून आधी माणसाचं तोंड बघायचे. रिटायर झाले तरी ती सवय सुटली नाही. तिसरे वानखडे, साहेबांच्या जीपचे ड्रायव्हर. ते मला अजूनही 'बडेबाबू' म्हणतात.

आणि चौथी गाडी.

*

जुनी गाडी डिझेलची होती. लांब डिकीची, सगळं कुटुंब आणि कुटुंबाची गाठोडी मावतील अशी. चौदा वर्षं वापरली. पुढच्या वर्षी तिची नोंदणी संपणार, म्हणून आमचा समीर पुण्याहून आला आणि म्हणाला, "बाबा, आता पेट्रोल घेऊ."

"डिझेलला काय झालं?"

"नवीन डिझेल गाडीला लांब पल्ला लागतो. तुम्ही रोज भाजी बाजारापर्यंत जाणार आणि परत येणार. तेवढ्यात ती गरमच होत नाही. मग सायलेन्सरमधली जाळी काजळीनं तुंबते."

देशमुख तिथेच बसले होते. त्यांनी डोळे बारीक केले.

"म्हंजे गाडीले रोज फिरवाले नेणं पडते? कुत्र्यावानी?"

पेट्रोल ठरलं. गाडी पुन्हा तशीच, लांब डिकीची. चावी देताना मात्र समीरने एक अट घातली.

"बाबा, तुमचं वय झालं. एक जरी गडबड झाली, तर चावी माझ्याकडे. मग आपण ड्रायव्हर ठेवू."

अट साधी वाटते. साधी नाही. आमची मुलगी रंजना अकोल्याला दिली आहे, आणि तिची मुलगी नुकती बोलायला लागली आहे. दर दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं जातो. आमच्या कुसुमला एसटी लागते, बडनेरा यायच्या आत तोंडाला रुमाल. रेल्वेचा जिना तिच्या गुडघ्यांना चढवत नाही. आणि परका ड्रायव्हर गाडीत असला की ती एक अक्षर बोलत नाही. अमरावती ते अकोला कुसुम गप्प बसली, तर घरी आल्यावर ते सगळं मला एकदम ऐकावं लागेल!

थोडक्यात, चावी गेली की रविवार गेला.

*

पहिल्या दिवशी वानखडेंना शेजारी बसवून निघालो. चावी फिरवली. काही झालं नाही. म्हणजे मला तसं वाटलं. पुन्हा फिरवली, तर गाडीने असा काही खर्रकन आवाज काढला की टपरीवरचं कुत्रं उठून पळालं.

"बडेबाबू!" वानखडे ओरडले. "चालू गाडीले चालू करून राहिले तुमी!"

"चालू आहे?"

"हव ना!"

"मग आवाज?"

वानखडे खाली उतरले. बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर नाडी बघतो तसे. मग मागे जाऊन सायलेन्सरसमोर हात धरला. धूर नाही. परत येऊन त्यांनी बॉनेट उघडायला लावलं.

"आता काय बघता?"

"इंजिन टाकलं हाये का नाही, ते पायतो," ते म्हणाले. "शोरूमवाल्याचा काय भरवसा?"

*

जुन्या गाडीची धडधड कॉलनीच्या कोपऱ्यावरून घरात ऐकू यायची. कुसुम ती ऐकून चहा ठेवायची. मी गाडी लावून, चपला काढून आत येईपर्यंत चहा कपात असायचा. चौदा वर्षं मला वाटत होतं, बायकोला आपली चाहूल लागते. तिला डिझेलची चाहूल लागत होती!

नवी गाडी आल्याच्या आठवड्यात मी घरात शिरलो, तर कुसुम शेजारच्या वहिनींना सांगत होती, "...अन् झोपेत सुद्धा ऑफिसच्या नोटा लिहितात." मला बघून दोघी गप्प.

"आले काय? असे चोरावानी काहून येता?"

"माझंच घर आहे ना?"

"मंग कोपऱ्यावर हॉर्न वाजवत जा. मले चहा ठेवता येईल."

वाजवायला लागलो. चार दिवसांनी देशमुख मला टपरीच्या मागे घेऊन गेले. त्यांचं घर बरोब्बर त्याच कोपऱ्यावर आहे.

"एक विचारू? खरं सांगा."

"विचारा."

"रोज सकाळी माह्याच घरासमोर काहून हॉर्न मारता? घरात माही बायको एकटी रायते."

देशमुख वहिनींचं वय सदुसष्ट आहे. त्या दिवसापासून चहा मी माझा मीच करतो.

*

आता शब्दाची भानगड. आमच्या भागात डिझेलला 'तेल' म्हणतात. ट्रॅक्टरवाला पंपावर गेला की "तेल टाक" म्हणतो आणि त्याला डिझेल मिळतं. पेट्रोलला पेट्रोल म्हणतात. मीही चौदा वर्षं काच खाली करून "तेल टाका, फुल" एवढंच म्हणत आलो होतो. हे वाक्य मी म्हणत नसे, तोंड आपलं आपण म्हणायचं.

नव्या गाडीत पहिल्यांदा पंपावर गेलो आणि तोंड म्हणालं, "तेल टाका, फुल."

पंपावर एक बाई होत्या. त्यांनी डिझेलची नळी उचलली. टाकीचं झाकण उघडलं. वाकून आत छापलेलं वाचलं. मग खिडकीपाशी आल्या.

"काका, गाडी कोनाची हाये?"

"माझी."

"नक्की?"

"का हो?"

"इले पेट्रोल लागते."

ही गोष्ट मी कुसुमला सोडून कोणाला सांगितली नाही. संध्याकाळपर्यंत कॉलनीत सगळ्यांना माहीत होती. कुसुम म्हणते, तिने कोणाला सांगितलं नाही. दोघांपैकी एक जण खोटं बोलत आहे, आणि तो मी नाही.

*

मग मी कारकुनी उपाय केला. लाल शाईने एक चिठ्ठी लिहिली, 'केवळ पेट्रोल', खाली दोन रेघा, आणि टाकीच्या झाकणावर ठळक दिसेल अशी चिकटवली.

देशमुखांनी तिची तपासणी केली.

"अक्षर चांगलं हाये. पण ज्याले वाचाची गरज हाये, तो तं आत बसून रायते."

मुद्दा बिनतोड होता. दुसरी चिठ्ठी स्टिअरिंगच्या मधोमध लावली: 'तेल म्हणू नये.'

रविवारी समीरचा व्हिडिओ कॉल आला. आम्ही गाडीतच होतो.

"बाबा, स्टिअरिंगवर काय लिहिलंय?"

"सुविचार आहे."

"तेल म्हणू नये?"

"तुझ्या आईचं कोलेस्टेरॉल वाढलंय," मी म्हणालो.

कुसुमने माझ्याकडे असं बघितलं की पुढे मूर्तिजापूरपर्यंत मला तो परका ड्रायव्हर काय वाईट, असं वाटत होतं!

*

अकोल्याला रंजनाचे सासरे, म्हणजे आमचे इवाई बाबाराव. शेती काळ्या मातीची, बोलणंही त्याच जातीचं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकाला पायाने हळूच ढोसलं.

"इवाईबुवा, पेट्रोलची गाडी वजन ओढत नाही."

"ओढते की."

"पाहू."

त्यांनी तुरीची तीन पोती डिकीत टाकली. त्यांच्या फाटकाबाहेर रस्त्यावर यायला थोडा चढ आहे. डिझेल गाडी क्लच सोडला की आपली आपण चढायची, ती सवय पायात होती. तसाच सोडला. गाडी बंद पडली. पुन्हा सोडला. पुन्हा बंद. फाटकात रंजना, जावई आणि शेजारपाजार जमला. नात टाळ्या वाजवत होती.

"म्या म्हटलं होतं!" बाबाराव म्हणाले आणि त्यांनी एक पोतं उतरवून घेतलं.

तेवढ्यात शेजारी बसलेली कुसुम दबक्या आवाजात म्हणाली, "अवो, जरा गॅस तं द्या!" मी ऍक्सिलरेटर दाबला, गाडी झर्रकन वर.

तेव्हापासून बाबाराव अकोल्यात सगळ्यांना सांगतात, "पेट्रोलची गाडी दोन पोत्यांची. तिसऱ्याले जागच्या जागी मरते. डोळ्यानं पायलं!" मी खुलासा केला नाही. समीर त्यांच्याशी फोनवर बोलतो. गाडी नालायक ठरलेली मला चालते. मी ठरलेला चालत नाही.

*

गाडीचा आवाज नसण्याचा खरा उपयोग मला सप्टेंबरात कळला. टपरीच्या मागच्या बाजूने आलो आणि थांबलो. काच खाली होती. वानखडे आणि देशमुख माझ्याकडे पाठ करून बसले होते.

"टाकणारच," देशमुख म्हणत होते. "दिवाळीपर्यंत त्या गाडीत डिझेल पडते म्हंजे पडते."

"दिवाळी कायले पायजे? दसऱ्याच्या आधी पडते," वानखडे म्हणाले. "माह्या जिपीत बसून बसून त्या माणसाच्या कानात डिझेल भरलं हाये."

"लावता काय? गिलावड्याच्या चार प्लेटा."

"लावली!"

मी बराच वेळ ऐकत होतो. दसऱ्याआधी की दसऱ्यानंतर, एवढाच वाद होता. माझ्या बाजूने कोणीच नव्हतं!

मी हॉर्न वाजवला. वानखडेंच्या हातातली बशी पडली.

"कवापासून हाये तुमी इथं?" देशमुखांनी विचारलं.

"आत्ताच आलो," मी म्हणालो. त्यांना ते खरं वाटलं नाही. रजेचा अर्ज आल्यासारखं त्यांनी माझं तोंड बघितलं.

दसरा कोरडा गेला. वानखडेंची मुदत संपली, आता दिवाळीपर्यंत डिझेल पडलं तर देशमुख जिंकणार होते. त्यानंतर मी पंपावर निघालो की देशमुखांना नेमकं त्याच वाटेने काहीतरी काम निघायचं.

*

दिवाळीच्या चार दिवस आधी समीर आला. आल्या आल्या त्याने गाडी तपासली. ओरखडा शोधला, सापडला नाही. मग चिठ्ठ्या सापडल्या.

"बाबा, नव्या गाडीला काय कागद चिकटवता! लोक काय म्हणतील?"

त्याने दोन्ही चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या, वर ओल्या फडक्याने पुसूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला निघालो, रंजनाला फराळ द्यायला. "मी चालवतो," समीर म्हणाला, "तुम्ही आराम करा." मी त्याच्या शेजारी बसलो. कुसुम मागे, मांडीवर चकल्यांचा डबा, बडनेरा सोडल्यावर तिला डुलकी लागली.

वाटेत समीर पंपावर शिरला. त्याच्या ऑफिसचा फोन चालू होता. सांगायचं राहिलं, पुण्यात त्याची स्वतःची गाडी डिझेलची आहे. त्याने फोन न सोडता काच खाली केली, पंपवाल्याला दोन शब्द सांगितले, आणि पुन्हा फोनवर बोलायला लागला. टाकी फुल झाली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडीने पहिल्यांदा उचकी दिली. मग खोकली. मग मागे पांढऱ्या धुराचा असा लोट निघाला की मागचा ट्रकवाला हात दाखवून काहीतरी ओरडला. मग ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली, ती राहिलीच.

समीर उतरला. पंपाची पावती खिशातून काढून वाचली. पुन्हा वाचली. उलटी करून बघितली.

मेकॅनिक येईपर्यंत आम्ही तिघं बाभळीखाली चकल्या खात बसलो. मेकॅनिकने टाकी रिकामी केली, नळ्या साफ केल्या, पेट्रोल भरलं. गाडी सुरू झाली. आवाज नव्हता, पण आता मला ऐकू यायला लागलं आहे.

मी हात पुढे केला. समीरने चावी ठेवली. अकोल्यापर्यंत मी चालवली.

टपरीवर भांडण झालं. वानखडेंचं म्हणणं, "पैज बडेबाबूवर होती, पोट्ट्यावर नाही." देशमुख म्हणाले, "पैज गाडीत डिझेल पडते का नाही, याच्यावर होती. कोणी टाकलं हा मुद्दाच नोता." चार प्लेट गिलावडा आला. मी दोन खाल्ल्या.

समीर पुण्याला परत गेला. चावीचा विषय पुन्हा निघाला नाही. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघं निघालो. बडनेरा गेलं तरी कुसुम गप्प होती. मी वाट बघत होतो.

"एक विचारू?" ती म्हणाली.

"विचार."

"पंपावर मी मांगं झोपून होते. तुमी तं पुढंच बसून होते न?"

"होतो."

"समीर काच खाली करून बोलला."

"बोलला."

"मंग तुमाले आयकू नाही आलं, तो काय म्हणाला ते?"

समोर एक ट्रॅक्टर होता. मी त्याला नीट ओलांडलं, गियर बदलला, आणि म्हणालो, "मी तेव्हा चष्मा पुसत होतो."

"कानाचा?" कुसुम म्हणाली.